विद्यापीठाच्या वेशीबाहेर



विद्यापीठाचे काम कोणते, असा प्रश्न केला तर बहुतेक सुशिक्षित माणसे तत्काळ दोन गोष्टी सांगतील : नवे ज्ञान मिळविणे ही एक, आणि मिळालेले ज्ञान विद्यार्थ्यांस देणे ही दुसरी. संशोधन आणि अध्यापन अशी ही जोडी आहे. याखेरीज तिसरे एक काम आहे. पण त्याचा उल्लेख सहसा कुणी करीत नाही, आणि झालाच तर अहवालाच्या शेवटच्या पानावर 'इतर कार्यक्रम' या मथळ्याखाली होतो. जे विद्यापीठाचे विद्यार्थी नाहीत आणि पुढे होणारही नाहीत, त्यांच्यासमोर जाऊन आपण काय शोधले ते त्यांना उमगेल अशा भाषेत सांगणे, हे ते तिसरे काम. याच कामाविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. ते केवळ शोभेचे आहे असे मला वाटत नाही. पहिल्या दोन कामांचा कस त्याच्यावरच लागतो, असे माझे मत आहे.

हे बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी भोपाळच्या गोविंदपुऱ्यातील एक शाळामास्तर. बारावीनंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि फळ्यापुढे उभा राहिलो. विद्यापीठाचा विद्यार्थी होण्याचा योग आला नाही. आमचा गोविंदपुरा ही कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या येथील कारखान्याचे उद्‌घाटन १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले; आज सारे गाव त्याला 'भेल' म्हणून ओळखते. येथील घराघरांतला दिवस पाळ्यांच्या हिशेबाने उगवतो व मावळतो. येथून फार दूर नाही अशा अंतरावर बरकतउल्ला विद्यापीठ आहे. म्हणजे शेजार मोठा विद्वानांचा. परंतु शेजाऱ्याच्या घरी काय शिजते आहे याचा वास आमच्या आळीपर्यंत क्वचितच येतो. वेशीबाहेरच्या माणसाला आतले सारे दिसत नाही हे खरे. पण वेस उघडी आहे की लोटलेली, हे मात्र त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कुणास दिसत नसेल.

आपल्या विद्यापीठांचा आरंभच मुळी निराळ्या रीतीने झाला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती प्रामुख्याने परीक्षा घेण्यासाठी. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने कागद तपासून पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. परंतु त्या परीक्षेच्या काळातही व्याख्यानाचे महत्त्व जाणत्यांनी ओळखले होते. मुंबई विद्यापीठात १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा या विषयावर 'विल्सन' व्याख्याने दिली. पाली, प्राकृत, अपभ्रंश या वाटेने आपली मराठी कोठून कशी आली, याचा शास्त्रशुद्ध विचार त्या व्याख्यानांत झाला. त्यांचे पुस्तक निघाले ते १९१४ साली. म्हणजे पुस्तकाच्या आधी सदतीस वर्षे ते ज्ञान बोललेल्या शब्दांतून श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते. आणि विद्यापीठाच्या बाहेर पाहिले तर त्याच्याही दोन वर्षे आधी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला गेला होता. तात्पर्य, गावाने विद्वानाच्या भोवती बसावे आणि विद्वानाने गावाशी बोलावे, ही रीत आपल्याला परकी नाही.

कित्येकांचा असा आक्षेप असतो की, चारचौघांना समजेल असे बोलू गेले की विद्या पातळ होते. मला तो मान्य नाही. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याहून अधिक काटेकोर विद्वान शोधून काढणे कठीण. १९२५ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून त्यांनी पोथ्यांतील पाठ एकेका अक्षरानिशी ताडून पाहिले. पण याच गृहस्थांनी आयुष्याच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाच्या निमंत्रणावरून, महाभारताचा एकंदर अर्थ काय, या विषयावर व्याख्याने देण्याचे पत्करले. पाठभेदांच्या अरण्यात जन्म काढलेल्या माणसाला शेवटी सांगावेसे वाटले ते हेच, की या साऱ्यातून मला काय दिसले. व्याख्यानमाला पुरी होण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते निवर्तले. ती व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात. विद्या पातळ होते ती अर्धवट जाणणाऱ्याच्या तोंडी. ज्याने विषय पचविला आहे त्याच्या मुखी ती सोपी होते, एवढेच.

आता आमच्या प्रदेशातील एक उदाहरण घेऊ. भोपाळहून इटारसीकडे निघाले की सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, विंध्याच्या कुशीत भीमबेटका लागते. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने या बाजूने प्रवास करीत असता त्यांची नजर डोंगरमाथ्यावरील त्या विचित्र शिळांवर गेली. चित्रे असलेल्या शैलाश्रयांच्या शोधात फिरणारा तो माणूस. तो पायी डोंगर चढून गेला आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रे त्याच्यासमोर उभी राहिली. वाकणकर नीमचला जन्मलेले मराठी गृहस्थ, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध. पुढे विक्रम विद्यापीठाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनने केली. सातशेहून अधिक शैलाश्रयांच्या या परिसराला २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

या शोधातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भीमबेटक्याचे नाव १८८८ सालीच किंकेड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखात येऊन गेले होते. त्याला ते कळले आसपासच्या आदिवासींकडून. त्याने ते बौद्ध स्थान समजून नोंदले आणि विषय तेथेच थांबला. म्हणजे जागा गावकऱ्यांना ठाऊकच होती; तिचे वय कळले ते संशोधकामुळे. मी माझ्या शाळेतील मुलांना तेथे नेतो, तेव्हा पांढऱ्या व तांबड्या रंगांतील ते हत्ती, हरणे आणि गवे पाहून मुले विचारतात, "गुरुजी, हे काढणारे आपले कोण?" या एका प्रश्नात विद्यापीठाच्या एका शाखेचे सारे सार आले. आणि त्याचे उत्तर त्या मुलांना, तसेच पायथ्याच्या खेड्यांतील माणसांना, त्यांच्या बोलीत मिळाले पाहिजे. कारण संशोधनाचे पहिले बोट त्यांच्याच पूर्वजांनी दाखविले होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण सांगताना मन जड होते. पण भोपाळच्या माणसाने ते टाळू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या शहराचा घात झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुपीडित वस्त्यांतील लोकांच्या प्रकृतीचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. तो १९८५ पासून १९९४ पर्यंत चालला. माणसे घरोघर गेली, श्वास मोजले गेले, जन्म आणि मृत्यू नोंदले गेले. या लोकसंख्याधारित अभ्यासाचा एकत्रित अहवाल प्रसिद्ध झाला तो २००४ साली. अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनी! ज्यांनी आपला श्वास मोजू दिला, त्यांनी एवढेच विचारले असते की, "बाबांनो, आम्हांस काय झाले आहे? आमच्या मुलांना काय होईल?" काम विद्यापीठाचे नव्हते, संशोधन संस्थेचे होते, परंतु धडा सर्वांनाच सारखा आहे. ज्याच्या देहावरून किंवा दारातून ज्ञान मिळविले, त्याला ते परत सांगणे हे उपकाराचे काम नव्हे. ते देणे आहे. आणि देणे वेळेवर फेडले नाही तर त्याची किंमत धनकोला मोजावी लागते.

मग करावे काय? पहिली सूचना अगदी साधी आहे. जो संशोधक ज्या गावात किंवा वस्तीत माहिती गोळा करतो, त्याने पदवी हाती घेण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच ठिकाणी जाऊन आपला निष्कर्ष तेथील भाषेत सांगावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. प्रबंधाची परीक्षा पंडित घेतीलच. पण गावकरी असा एखादा प्रश्न विचारील की जो पंडितांना सुचणार नाही. या रीतीने अध्यापकाचेही भले होईल, कारण वस्तीत गोंधळलेले वाक्य वर्गातही गोंधळलेलेच असते.

दुसरी सूचना वेळेची. सार्वजनिक व्याख्यान कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवावयाचे आणि लोक येत नाहीत म्हणून हळहळावयाचे, हे बरे नव्हे. त्यातही दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्वागत, परिचय आणि परिचयाचाही परिचय एवढे होईतो मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा श्रोत्यांना जेवणाचे वेध लागलेले असतात. पाळी सुटल्यावर, वस्तीतल्याच एखाद्या शाळेत सतरंजी अंथरून, तासभर बोलणे आणि अर्धा तास प्रश्न, इतके पुरे आहे. हार नसला तर कुणाचे अडणार नाही.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली 'आयुका' ही संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञांच्या या संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा नारळीकर त्यांना सांगत की, एक पोस्टकार्ड पाठवा, त्यावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहा; उत्तर लिहून खाली सही करून पाठवीन. २०२५ साली ते गेले. ती पोस्टकार्डे आज कित्येक घरांतून जपून ठेवलेली असतील. एका कार्डाला तो काय खर्च!

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या कर्तव्याची. दार उघडे असूनही आपण आत गेलो नाही, तर दोष आपला. व्याख्यानाची सूचना वाचली तर जावे, मागच्या रांगेत बसावे, समजले नाही तर हात वर करून विचारावे. पदवी नसणे ही विचारण्यास आडकाठी नाही.

आमच्या विद्यापीठाची स्थापना १९७० सालची. १९८८ साली त्याला मौलाना बरकतउल्ला यांचे नाव देण्यात आले. भोपाळमध्ये जन्मलेल्या या देशभक्ताने १९०९ पासून टोकियोत हिंदुस्तानी भाषा शिकविली. ती जागा गेली, तरी ते थांबले नाहीत. १९१५ साली काबूलमध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान झाले, आणि १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोत, मायभूमीपासून हजारो मैल दूर, त्यांनी देह ठेवला. परक्या देशात परक्या मुलांना आपली भाषा शिकविणाऱ्या त्या शिक्षकाचे नाव ज्या वेशीवर कोरले आहे, त्या वेशीतून चार पावले बाहेर येऊन गोविंदपुऱ्यातील माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलणे, हे काही फार लांबचे अंतर नाही.