बारावीनंतरची शिष्यवृत्ती



भोसरी, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आईवडिलांनो,
आजची माहिती खास तुमच्यासाठी.

मूल चांगल्या गुणांनी बारावी झालंय?
पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय?
मग केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे.
पदवीची तीन वर्षं,
दरवर्षी १२ हजार रुपये.
निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव.

नव्वद टक्केच हवेत,
असं समजून मागे राहू नका.
हिशेब शाखेप्रमाणे होतो.
आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत
पास झालेल्या शंभरांतल्या
पहिल्या विसांत नंबर हवा.
कॉमर्सच्या मुलीची स्पर्धा
सायन्सवाल्यांशी नाही.
मला ही अट फार न्यायाची वाटते.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न
साडेचार लाखांच्या आत हवं.

नवा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा,
नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर.
पुन्हा सांगते,
पहिल्याच वर्षी.
बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा.
पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात.

पुढच्या वर्षी नूतनीकरण.
त्यासाठी ५० टक्के गुण
आणि ७५ टक्के हजेरी लागते.

उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो.
चाकणकरांचं तहसील कार्यालय राजगुरुनगरला.
शिफ्ट बघून,
या आठवड्यातच दाखल्याचा अर्ज टाका.