थोडें काम, थोडी मिळकत आणि सरकारी साहाय्य

ज्याला मुळींच काम नाहीं त्याला साहाय्य द्यावें, हें कोणीहि मान्य करील. परंतु आठवड्यांतून दहा-बारा तासच ज्याच्या हाताला काम मिळतें, त्याचें काय?

ब्रिटनमध्यें १९९६ सालीं आलेल्या बेकारभत्त्याच्या नियमान्वयें आठवड्याला १६ तास वा अधिक काम करणारा अपात्र ठरे. गरजेनुसार भत्ता घेणाऱ्या एकट्या माणसास सामान्यतः मिळकतीपैकीं अवघे ५ पौंड राखतां येत. पुढील प्रत्येक पौंडामागें भत्ता एका पौंडानें घटे. मग आणखी दोन तास राबून पदरांत काय पडणार?

२०१३ पासून आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेनें तासांची ही मर्यादा काढली. २०२१ च्या अखेरीपासून हिशेब असा: १०० पौंड मिळविल्यास साहाय्य ५५ पौंडांनीं घटतें, म्हणजे ४५ पौंडांचा लाभ उरतो. मुलांचा सांभाळ वा दुबळी प्रकृति असल्यास कांहीं मिळकत आधींच वगळली जाते. मात्र बचत १६,००० पौंडांवर गेल्यास हक्क सहसा संपतो. फार कमी मिळविणाऱ्यास अधिक काम शोधण्याची सक्तीहि होऊं शकते.

गरजेला आधार मिळावा, पण श्रमाला दंड होऊं नये, हीच अशा प्रत्येक नियमाची खरी कसोटी होय.