जीवसंख्याशास्त्राची उन्हाळी शाळा

गणितात चांगली गती असलेल्या मुलाने किंवा मुलीने पदवीनंतर काय करावे, या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. अभियंता व्हावे, प्राध्यापक व्हावे, बँकेत वा विमा कंपनीत जावे. आणि हल्ली तर संगणकाकडे वळावे, हे गृहीतच धरले जाते. त्या मुलीच्या गणितावाचून एखाद्या रुग्णालयाचे अडले असेल ही कल्पना तिला सुचत नाही, आणि तिच्या वडीलधाऱ्यांनाही नाही. वैद्यक हा जीवशास्त्राचा प्रांत; तेथे गणिताच्या विद्यार्थ्याचे काय काम, अशी समजूत सर्वदूर आहे.

अमेरिकेतही ती होती. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य यांतील प्रश्नांना लावलेले संख्याशास्त्र म्हणजे जीवसंख्याशास्त्र. तेथे ते मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर, बहुधा सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयांतून शिकवले जाते. एखाद्या आडगावच्या कॉलेजात गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानी त्याचे नावही पडण्याचे कारण नसते. नाव ठाऊक नाही म्हणून अर्ज नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणून तज्ज्ञ नाहीत. दुसरीकडे औषधांच्या चाचण्या आणि जनुकांविषयीची माहिती यांचा पसारा वाढत चालला होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा तुटवडा चांगलाच जाणवू लागला, तेव्हा तेथील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने एक साधा उपाय योजिला. पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे सहा आठवडे बोलावून घ्यावयाचे आणि हे शास्त्र प्रत्यक्ष दाखवावयाचे. २००४ च्या उन्हाळ्यात बॉस्टन, तसेच उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठ व ड्यूक अशा ठिकाणी हे वर्ग भरले. पुढे इतरही विद्यापीठे त्यात आली. अट एवढीच, की विद्यार्थ्याला कलनशास्त्राची बऱ्यापैकी ओळख असावी. राहणे, जेवण आणि शिक्षण यांचा खर्च योजनेतून होई, वर विद्यावेतनही मिळे. सुट्टीत चार पैसे मिळवल्याशिवाय ज्यांना पुढच्या वर्षाची फी भरता येत नाही, त्यांच्या दृष्टीने ही शेवटची बाब किती महत्त्वाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. पैसा सरकारी असल्यामुळे प्रवेश मात्र त्या देशाचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यापुरताच राहिला.

सहा आठवड्यांत संख्याशास्त्रज्ञ तयार होतो काय? अर्थातच नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. सकाळी व्याख्याने, दुपारी संगणकावर प्रत्यक्ष काम, मधून मधून संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची गाठ, आणि अखेरीस लहान लहान गटांनी केलेल्या अभ्यासाचे निवेदन, असा साधारण क्रम असे. सूत्रे पुस्तकातही मिळतात. पुस्तकात न मिळणारी गोष्ट म्हणजे खरी माहिती, तिच्या सगळ्या ओबडधोबडपणासह. पाठ्यपुस्तकातील कोष्टकात प्रत्येक रकाना भरलेला असतो. खऱ्या रुग्णांच्या कोष्टकात रकाने मोकळे असतात. कोणी तपासणीला आला नाही, कोणी गाव सोडून गेला, कोणाचे वजन एका भेटीत पौंडांत तर दुसऱ्या भेटीत किलोग्रॅममध्ये लिहिले गेले. न आलेला रुग्ण का आला नाही, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. परंतु तो आजार वाढल्यामुळे आला नसेल, तर आलेल्यांच्या सरासरीवरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा ठरतो.

या विषयाच्या अध्यापनात नेहमी दिले जाणारे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. मूतखड्यावरील उपचारांची तुलना करणारा एक इंग्रजी अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. पोट उघडून केलेल्या जुन्या शस्त्रक्रियेचे ३५० रुग्ण होते. त्यांपैकी २७३ जणांना गुण आला. लहानशा छिद्रातून खडा काढण्याच्या नव्या पद्धतीचेही ३५० रुग्ण होते. त्यांपैकी २८९ जणांना गुण आला. म्हणजे नवी पद्धत सरस. आता हेच रुग्ण खड्याच्या आकाराप्रमाणे वेगळे करून पाहावेत. लहान खड्यांत जुन्या पद्धतीने ८७ पैकी ८१ बरे झाले, नव्या पद्धतीने २७० पैकी २३४. शेकडा ९३ विरुद्ध ८७. मोठ्या खड्यांत जुन्या पद्धतीने २६३ पैकी १९२, नव्या पद्धतीने ८० पैकी ५५. शेकडा ७३ विरुद्ध ६९. दोन्ही गटांत जुनी पद्धत सरस, आणि बेरीज केली की नवी! येथे बेरीज चुकलेली नाही आणि कोणी लबाडीही केलेली नाही. अवघड, मोठे खडे बहुतांशी जुन्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले आणि सोपे नव्या पद्धतीच्या, एवढेच घडले. विसाव्या वर्षी हे कोष्टक स्वतःच्या हाताने फोडून पाहणारा विद्यार्थी शेकडेवारीकडे पुन्हा पूर्वीच्या भोळेपणाने पाहत नाही.

हृदयाच्या संस्थेलाच गणिताच्या विद्यार्थ्यांची एवढी चिंता का वाटावी? याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात, आणि अशा रुग्णांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. ठोके नियमित करणारी औषधेही निघाली होती, आणि ती खरोखर ठोके नियमित करीत. हृदयाच्या आलेखावर ते डोळ्यांनी दिसे. तेव्हा ती औषधे प्राण वाचवतात हे सिद्ध करावयाचे काय उरले, असे अनेकांना वाटत होते. काहींना तर अर्ध्या रुग्णांना निष्क्रिय गोळी देणे हाच अन्याय वाटे. तरीही या संस्थेच्या साहाय्याने १९८७ मध्ये चाचणी सुरू झाली. औषधाने ज्यांचे ठोके सुधारत होते अशाच रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. १९८९ मध्ये एनकेनाइड व फ्लेकेनाइड या दोन औषधांपुरती ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांच्या काळात औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मरण पावले होते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

हा भेद एखाद्या निष्णात डॉक्टरच्याही नजरेस पडला नसता. त्याच्या हाताखाली असे दहाबारा रुग्ण असावयाचे. त्यांतला एखादा दगावला तर दोष हृदयाकडे जाई, आणि बाकीच्यांचा आलेख पाहून औषधावरील विश्वास वाढे. चुकीची जाणीव अनुभवाने होईना, ती मोजणीने झाली. मात्र चाचणीपूर्वी ही औषधे हजारो रुग्णांना लिहून दिली जात होती.

बॉस्टनपासून जवळच फ्रॅमिंगहॅम हे गाव आहे. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात आली. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हे जगाला मुख्यत्वे त्या गावाने शिकवले. या निरनिराळ्या कारणांचा एकत्रित विचार करून धोका मोजण्याची गणिती रीत तेथे बसवली ती जेरोम कॉर्नफिल्ड यांनी. गंमत अशी की, कॉर्नफिल्ड यांची पदवी इतिहासाची होती, आणि नोकरीची सुरुवात मजूर खात्याच्या सांख्यिकी कार्यालयात झालेली. संख्याशास्त्र ते नोकरी करता करता शिकले. सरकारी कचेरीतही कधी कधी असे घडते! अमेरिकन संख्याशास्त्रीय संघाचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. परंतु कॉर्नफिल्ड यांच्यासारख्यांची वाट पाहत बसून कोणत्याही देशाची गरज भागत नाही. वाट कोठे आहे हे योग्य वयात कोणी तरी दाखवावे लागते.

भारतात या शास्त्राची परंपरा अल्प नाही. महालनोबिस यांनी कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली ती १९३१ मध्ये. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे शेतीच्या संख्याशास्त्राकडून भूक आणि पोषण यांच्या मोजमापाकडे वळले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. आणि १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेला क्षयरोगावरील अभ्यास तर जगाने आदर्श मानला. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, की घरीच औषधे द्यावीत, हा प्रश्न होता. सुमारे दोनशे गरीब रुग्णांची यदृच्छ विभागणी झाली. एका गटाला विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार; दुसऱ्या गटाला दाटीवाटीची घरे आणि अपुरे अन्न. औषधे मात्र दोघांनाही तीच. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना रोगाची बाधा अधिक झाल्याचेही आढळले नाही. आरोग्यधामांत खाटा नाहीत म्हणून लाखो रोग्यांना उपचाराविना ठेवण्याचे कारण त्या दिवसापासून उरले नाही.

आज अनेक शहरांत संख्याशास्त्र शिकवणारे कॉलेज आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात एका रस्त्याचे अंतर असते, पण तो रस्ता ओलांडण्याचा प्रसंग विद्यार्थ्याला पदवी मिळेपर्यंत येत नाही. आपल्याकडे सुट्टीतली शिबिरे भरतात, नाही असे नाही. त्यांतील पुष्कळांचा पहिला दिवस उद्घाटनात जातो आणि शेवटचा प्रमाणपत्रे वाटण्यात. सहा आठवडे म्हटले की एवढी चैन करूनही पाच आठवडे तरी उरतील. साधने म्हणून काही संगणक, फुकट मिळणारी आर ही संगणकभाषा, आणि आपला वेळ देऊ इच्छिणारे दोन अध्यापक, एक या बाजूचा व एक त्या बाजूचा, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. खरी अडचण रुग्णांची माहिती मिळण्याची आहे. नावे आणि पत्ते काढून टाकलेली, विद्यार्थ्यांच्या हाती निःशंकपणे देता येईल अशी माहिती तयार करावयास कष्ट पडतात, आणि ते कोणी घ्यावयाचे हे ठरलेले नसते.

ते ठरेपर्यंत मद्रासचा अहवाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला त्यातील कोष्टके समजण्यास अवघड नाहीत. कोणते रुग्ण तुलनेत धरले, कोणते वगळले आणि का वगळले, हे शोधण्यात त्याचा पहिला आठवडा सहज जाईल.