दोन गुण बाकी



एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पूर्वी एक पातळशी पुस्तिका हमखास मिळायची. पिवळट कागद, लाल मुखपृष्ठ आणि वर ठळक अक्षरांत 'सामान्य ज्ञान'. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर. गाडी सुटायला वेळ असला की माणसं ती चाळत बसत. मीही बसायचो. बी.ए. झालो तेव्हा माझ्याकडे अशा पुस्तिकांचा लहानसा ढीग जमला होता आणि आपल्याला जगातलं बरंच काही कळतं, असा माझा समजही झाला होता.

या समजाच्या जोरावर १९९६ साली एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी प्रश्नमंजूषेचा परीक्षक म्हणून गेलो. एक प्रश्न मी मोठ्या झोकात विचारला, "चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वस्तू कोणती?" आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, काहीच दिसत नाही." सभागृहात हशा पिकला. मीही हसलो आणि सांगितलं, चूक, चीनची भिंत. ती लगेच खाली बसली नाही. म्हणाली, "पण सर, भिंत लांब आहे, रुंद कुठे आहे?" मी पुढचा प्रश्न घेतला. तिचा गट दोन गुणांनी हरला.

आता हिशेब बघा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब. भिंतीची रुंदी पाच मीटर धरू. म्हणजे हे मुंबईत उभं राहून कोल्हापुरातली पाच मिलिमीटरची मुंगी पाहण्यासारखं झालं. भिंत लांब आहे म्हणून फार तर मुंगी म्हणू नका, मुंग्यांची रांग म्हणा. दिसेल? हा दावा १९३२ मध्ये रिप्ले यांच्या 'बिलिव्ह इट ऑर नॉट' या सदरात छापला गेला. माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. म्हणजे पाहून यायच्या सदतीस वर्षं आधीच उत्तर तयार होतं! पुढे २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून परतला, तेव्हा त्यानं सांगून टाकलं की आपल्याला भिंत दिसली नाही. आणि तो तर चंद्राच्या मानानं अगदी अंगणातच होता. ती बातमी वाचली आणि मला एकदम त्या मुलीचा चेहरा आठवला.

तेव्हापासून मला एक खोड लागली. उजव्या बाजूचं उत्तर वाचलं की ते तिथं कुणी आणून ठेवलं, हे शोधायचं.

एव्हरेस्टचंच घ्या. नेपाळची हद्द बंद होती, म्हणून इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यातल्या लोकांनी दीडशे किलोमीटरहून लांब, बिहारच्या मैदानातून दुर्बिणी लावून त्या शिखराचे कोन मोजले. शिखराला तेव्हा नावही नव्हतं, नुसता 'पंधरावा' हा क्रमांक. त्या कोनांवरून आकडेमोड करण्याचं काम खात्याचे मुख्य गणक राधानाथ सिकदार या बंगाली गृहस्थांकडे होतं. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. असं सांगतात की उत्तर नेमकं २९,००० आलं होतं. पण लोकांना तो अंदाजे ठोकलेला आकडा वाटेल म्हणून वरचे दोन फूट चिकटवले. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट झकास आहे. पुढे १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षणानं ८,८४८ मीटर ही उंची ठरवली. आपण सगळे त्यावरच परीक्षा पास झालो. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ती ८,८४८.८६ मीटर असल्याचं जाहीर केलं. म्हणजे सिकदारांच्या वेळची उंची आणि आजची उंची यांत जेमतेम तीस फुटांचं अंतर. ना विमान, ना उपग्रह, ना कॅल्क्युलेटर. पुस्तिकेत मात्र नाव एव्हरेस्टसाहेबांचं. ते १८४३ मध्येच निवृत्त झाले होते, आणि या नावाला खुद्द त्यांचा विरोध होता. इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की त्यांच्या घरी आडनावाचा उच्चार 'ईव्हरेस्ट' असा होता. सगळं जग आज ते चुकीचंच उच्चारतं. त्यात साहेबांचे देशबंधूही आले.

बरं, 'सर्वांत उंच' म्हणजे कुठून मोजायचं? समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ, कारण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून तो नऊ हजार मीटरहून जास्त भरतो. पृथ्वीच्या मध्यापासून मोजायचं ठरवलं तर पहिला नंबर इक्वेडोरच्या चिंबोराझोचा. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, त्या फुगवट्यावर तो बसलाय.

'पहिला भारतीय चित्रपट' या प्रश्नाचंही तसंच. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हे उत्तर पाठ असतं. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याच्या आदल्या वर्षी, मे १९१२ मध्ये मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला होता. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं. म्हणून त्याला चित्रपट म्हणायचं की नाही, यावर भांडण. मला विचाराल तर मान फाळक्यांचाच. पण तोरण्यांचं नाव मुलांना ठाऊकच नसावं, हे बरं नाही.

श्रोतेहो, मी मूळचा शब्दांचा माणूस. तेव्हा ज्या दोन गोष्टींनी मला सर्वांत जास्त आनंद दिला, त्या शब्दांच्याच आहेत.

लहानपणी मशिदीच्या ओट्यावर बसून मी अरबी अक्षरं गिरवली. 'बे'च्या खाली एक नुक्ता. शब्दाच्या सुरुवातीला 'ये' आला की त्याचा आकारही तसाच, फक्त खाली नुक्ते दोन. नुक्ता चुकला की मौलवीसाहेबांची छडी तळहातावर. आता हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र पाहा. त्याच्या चौकोनात एका कोपऱ्यावर तांबूस तेजस्वी तारा आहे. मराठीत तो काक्षी, इंग्रजीत बीटलज्यूस. मूळ अरबी नाव 'यद अल-जौजा', म्हणजे जौजाचा हात. अरबांना त्या ताऱ्यांत हरीण दिसत नव्हतं, माणसासारखी आकृती दिसत होती. मध्ययुगात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले, तेव्हा कुणाच्या तरी हातून 'ये'चा 'बे' झाला. दोन नुक्त्यांच्या जागी एक. 'यद'चं 'बद' झालं आणि त्यातून बीटलज्यूस. पुढच्या पंडितांना त्या 'ब'चा अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी 'काख' असा अर्थ जुळवून घेतला. आपल्या 'काक्षी'तही माझ्या कानाला तरी काख ऐकू येते. हातावरून काखेत, तेही एका नुक्त्यापायी! त्या बापड्याच्या तळहातावर छडी मारायला कुणी नव्हतं, एवढंच.

रोहिणीचं इंग्रजी नाव अल्डेबरान, तेही अरबीच. अर्थ, मागून चालणारा. कृत्तिकांच्या पाठोपाठ उगवतो म्हणून. आपल्याकडची रोहिणी चंद्राची लाडकी राणी, आणि अरबांच्या वाळवंटात तीच कृत्तिकांच्या मागे चालणारा वाटसरू.

दुसरी गोष्ट दहावीच्या भूमितीच्या पुस्तकातली. वर्तुळाच्या प्रकरणात 'जीवा' येते आणि त्रिकोणमितीच्या प्रकरणात 'साइन'. मुलं दोन्ही पाठ करतात. हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात 'ज्या' वापरली. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. हे गणित बगदादला गेलं, तेव्हा अरबांनी शब्दाचं भाषांतर न करता तो तसाच घेतला, 'जीबा'. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि इथे तर नुसती व्यंजनंच राहिली, ज आणि ब. पुढे वाचणाऱ्यानं ती ओळखीच्या शब्दाप्रमाणे वाचली, 'जैब'. जैब म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी. आपण खिशाला हिंदीत 'जेब' म्हणतो, तो शब्द याच घराण्यातला. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी इमानदारीनं त्याचं भाषांतर केलं, 'सायनस', म्हणजे घडी, खोबण. त्याचंच इंग्रजीत झालं साइन. नाक चोंदलं की डॉक्टर जो सायनस सांगतात, तो शब्दही हाच. धनुष्याची दोरी पाटलीपुत्राहून निघाली, बगदादला खिशात गेली आणि युरोपात नाकापर्यंत पोहोचली. पण गंमत पाहा, नाव तीनदा बदललं, गणित मात्र एकदाही चुकलं नाही.

सगळ्याच चुका अशा गोड नसतात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, हे आपण किती वर्षं घोकलं! २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात सरकारला विचारलं. क्रीडा मंत्रालयाचं उत्तर आलं, आम्ही कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. इतक्या वर्षांत एकाही परीक्षकाला हे विचारावंसं वाटलं नाही. त्यात मीही आलोच.

मला अजूनही शाळांमधून बोलावतात आणि मी जातो. प्रश्न घरून लिहून नेतो. उत्तरापुढे ते कोणत्या वर्षाचं आणि कुठून घेतलं, हे बारीक अक्षरात टिपलेलं असतं. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या पंगतीतून उठवलं, तेव्हापासून तर ही सवय पक्कीच झाली आहे. मुलानं कागदावर नसलेलं उत्तर दिलं, की विचारतो, "असं तुला का वाटलं?" यात वेळ जातो, कार्यक्रम लांबतो. आयोजक समोरून घड्याळ दाखवतात.

मागे एकदा त्याच तालुक्याच्या गावावरून एसटीनं गेलो. शाळा आहे तिथंच आहे, फक्त वर मजला चढलाय. ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल. नाव मी तेव्हाच विचारलं नव्हतं. तिच्या गटाचे दोन गुण माझ्याकडे बाकी आहेत. ती कुठे हा कार्यक्रम ऐकत असेल, तर बाई, तुमचं उत्तर बरोबर होतं.