उथळ पाण्यांतील यांत्रिक होडी

नदी म्हटली कीं तिच्यांत होडी आलीच, असें समुद्रकांठच्या माणसाला वाटतें. लातूर जिल्ह्यांतील आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्याकडे मात्र नद्या आहेत, पण त्यांच्या कांठीं होडी बांधलेली क्वचितच दिसेल. आमची घरणी नदी पुढें मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते आणि 724 किलोमीटरांचा प्रवास करून गोदावरीस मिळते. एवढी लांब नदी. परंतु वर्षांतील पुष्कळ महिने तिच्या पात्रांत वाळू, खडक आणि मधून मधून एखादा डोह, एवढेंच काय तें असतें. 2016 सालच्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपणांस स्मरत असेल. त्याच वर्षीं पावसाळा सरतां सरतां तें धरण भरलेंही!

अशा लहरी नदीला पूर आला म्हणजेच आम्हांला होडीची आठवण होते. पुराचें पाणी पात्राबाहेर पडून शेतांतून पसरतें. तें सर्वत्र खोल असतें असें नाहीं. कोठें पुरुषभर, कोठें कमरेइतकें, तर कोठें बांधावर जेमतेम वीतभर. ऑगस्ट 2025 मध्यें शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत, मुखेड तालुक्यांतील हसनाळ, रावणगाव ह्या गांवांत पाणी शिरलें, तेव्हां माणसांना वांचविण्यासाठीं सैन्यदलासही पाचारण करावें लागलें. पूर्वीं आमच्याकडील लोक भोपळ्यांची सांगड बांधीत, किंवा गुळाची काहील पाण्यांत लोटून तींत बसून पैलतीर गांठीत. ह्या साधनांना फारशी खोली लागत नाहीं. परंतु प्रवाहाविरुद्ध जाण्याची शक्तिही त्यांना नसते. शक्ति हवी तर इंजिन हवें, आणि इंजिन आलें कीं खोलीचा प्रश्न उभा राहतो.

तो कसा, तें पाहूं. होडीच्या मागच्या फळीला अडकविण्याचें जें आउटबोर्ड इंजिन असतें, त्याचा पंखा होडीच्या तळाच्याही खालीं सुमारें फूटभर लोंबत असतो. खाडींत किंवा धरणांत ह्याची अडचण नाहीं. परंतु शेतांतून होडी न्यावयाची झाल्यास पंख्याचीं पातीं प्रथम दगडाला, बांधाला किंवा कुंपणाच्या तारेला भेटतात. पातें मोडलें कीं होडी प्रवाहाच्या स्वाधीन होते.

ह्यावर निघालेला उपाय म्हणजे जेट-यंत्र. शाळेंत न्यूटनचा तिसरा नियम शिकवितांना आम्ही फुगा फुगवून सोडून देत असूं. हवा मागें जाते आणि फुगा पुढें पळतो. जेट-यंत्राचें तत्त्व हेंच. तळाशीं असलेल्या जाळींतून पाणी आंत ओढलें जातें. आंतील फिरकी त्याला जोर देते आणि अरुंद तोंडांतून तें मागें फेकलें जातें. तळाखालीं लोंबणारा पंखाच नाहीं, मग दगडावर आपटणार काय?

ही कल्पना नवी नव्हे. 1787 सालीं अमेरिकेंत जेम्स रम्से ह्या गृहस्थानें पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपानें पाणी मागें फेकून नाव चालवून दाखविली होती. परंतु ती व्यवहारांत रुळविली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन ह्यांनीं. त्यांचें मेंढ्यांचें कुरण डोंगराळ मुलुखांत होतें, आणि तेथील नद्या वेगवान, उथळ व गोट्यांनीं भरलेल्या. 1953-54 च्या सुमारास त्यांनीं जेट-होडी तयार केली. आरंभीं पाण्याची धार ते पाण्याखालींच सोडीत आणि वेग बेताचाच मिळे. धारेचें तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर आणतांच वेग ताशीं 17 मैलांपर्यंत गेला. 1960 सालीं अशाच होड्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळींतून प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. आणि 1977 सालीं एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी हे तीन जेट-होड्या घेऊन गंगासागराहून निघाले व गंगेच्या प्रवाहाविरुद्ध थेट हिमालयांत नंदप्रयागाजवळ पोहोंचले. हॅमिल्टन ह्यांचे चिरंजीव जॉन हे त्या होड्यांच्या चालकांपैकीं एक होते. नंदप्रयागानजीक धबधबा आडवा आला, तेव्हांच होड्या थांबल्या.

पुढें आउटबोर्ड इंजिनाचा खालचा पंख्याचा भाग काढून त्या जागीं जेट-यंत्र जोडण्याची युक्ति निघाली. मग लहान होडीलाही हा लाभ घेतां येऊं लागला. हें ऐकून कोणी म्हणेल, ‘‘मग प्रत्येक तालुक्याला असें एकेक यंत्र देऊन टाकावें; प्रश्न मिटला!’’ श्रोतेहो, मला आज जें सांगावयाचें आहे, तें येथूनच सुरू होतें.

मुलें तळ्याच्या कांठीं चपटी खापरी तिरपी फेकतात. ती पाण्यावर टप्पे घेत जाते. पण वेग सरला कीं बुडते. जेट-होडीचें असेंच आहे. भरधाव असतांना ती पाण्यावर उचलली जाते, आणि तेव्हांच चार-सहा इंच पाण्यावरून निघून जाते. थांबली कीं ती इतर होडीसारखीच पाण्यांत बसते, आणि पुन्हां निघावयाला तिला फूट-दीड फूट पाणी लागतें. म्हणजे उथळ पाण्यांतून जाण्याचा तिचा गुण हा यंत्राचा नव्हे, वेगाचा आहे. आणि वेग हा हलकेपणाचा आहे.

येथें दुसरी गोष्ट लक्षांत घ्यावी. पंख्याच्या जागीं जेट बसविलें कीं इंजिनाची जवळजवळ तीस टक्के शक्ति खर्ची पडते. चाळीस अश्वशक्तीचें इंजिन अठ्ठावीस-तिसांचें काम देतें. अशा होडींत घाबरलेलीं माणसें, त्यांचीं बोचकीं आणि एखादें करडूं भरलें, तर ती पाण्यावर उचलली जाणार नाहीं. ज्या गुणासाठीं ती आणली, तोच गुण भार वाढतांच नाहींसा होतो.

तिसरी गोष्ट सुकाणूची. जेट-होडीला निराळें सुकाणू नसतें. धारेचें तोंड वळवूनच ती वळते. समोर झाड दिसतांच नवखा चालक भीतीनें इंजिन मंद करतो. धार मंदावली कीं होडी वळतही नाहीं, आणि ज्या झाडाची भीति तेथेंच जाऊन आदळते.

चौथी गोष्ट आमच्या पाण्याची. न्यूझीलंडच्या नद्यांचें पाणी स्वच्छ. आमचा पूर सोयाबीनचें काड, तुराट्या, जलपर्णी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येतो. हें सारें जाळीशीं ओढलें जाऊन तोंड बंद होतें. वाळूनें आंतील फिरकी झिजते. उघडें पातें नसल्यामुळें पाण्यांतील माणसाला जखमेची भीति कमी, हें खरें. तथापि सैल दोर किंवा लुगड्याचा पदर जाळीकडे ओढला जाऊं शकतो.

8 ऑगस्ट 2019 रोजीं सांगली जिल्ह्यांत पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें कृष्णेच्या महापुरांत पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली आणि अनेक जीव गेले. होडींत तिला झेपतील त्यांहून अधिक माणसें होतीं, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. त्यांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. पाणी उंबऱ्यावर आलें असतां ‘‘तुम्ही मागच्या खेपेला या’’ हें ऐकून घेणें किती कठीण, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. पण हा नियम कोणतेंही यंत्र आपल्यासाठीं पाळणार नाहीं.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच. गोटे व खडक असलेल्या, स्वच्छ आणि उथळ प्रवाहांत, दोन-तीन माणसें, दोर आणि औषधें घेऊन त्वरेनें पोहोंचावयाचें असेल, तर जेट-यंत्रासारखें साधन नाहीं. खोल पाण्यांतून पुष्कळ माणसें सावकाश आणावयाचीं असतील, तर पंख्याची रुंद होडी बरी. आणि काडीकचऱ्यानें भरलेल्या गुडघाभर पाण्यांत इंजिन उचलून, बांबूनें रेटीत किंवा दोरानें ओढीत नेलेली हलकी होडीच शेवटीं कामास येते. कोणतेंही साधन घ्या. परंतु तें पुराच्या दिवशीं प्रथम पाण्यांत उतरतां कामा नये. धरणांत पाणी असेल तेव्हां गांवच्या चार तरुणांनीं त्यावर हात बसवावा, जाळी साफ करण्यास शिकावें, आणि होडींत किती माणसें बसावयाचीं तो आंकडा तिच्या कडेवर ठळक रंगवून ठेवावा. यंत्र विकत मिळतें. हा सराव आणि ही शिस्त मात्र आपली आपणच कमवावी लागते.