थडग्यावरचा धोटा



स्कॉटलंडमधील जुन्या दफनभूमींत सतराव्या-अठराव्या शतकांतील असे कित्येक दगड आजही उभे आहेत, की ज्यांवर मृताच्या नावाबरोबर त्याच्या धंद्याची अवजारे कोरलेली आहेत. विणकराच्या दगडावर धोटा, शिंप्याच्या दगडावर कात्री आणि इस्त्री, चांभाराच्या दगडावर रापी व तिच्यावर मुकुट, भट्टीवाल्याच्या दगडावर पाव आत सरकविण्याचे लांब दांड्याचे फावडे. पिठाच्या गिरणीवाल्याने तर जात्याच्या वरच्या तळीत बसवावयाची लोखंडी पट्टीच आपले चिन्ह मानली. कवटी आणि वाळूचे घड्याळ सर्वांना सारखेच. अवजार मात्र ज्याचे त्याचे.

सरदार-जमीनदारांना कुलचिन्हे होती. 1560च्या धर्मसुधारणेनंतर चर्चच्या आत प्रेते पुरण्यास विरोध होऊ लागला आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत साध्या कारागिराच्या नावाचाही दगड उभा राहू लागला. कुलचिन्ह नसलेल्या माणसाने त्या जागी आपला हातोडा कोरावा, यात केवढा तरी स्वाभिमान आहे! घराण्याच्या नव्हे, कामाच्या बळावर तो समाजात आपले स्थान सांगत होता.

परंतु केवळ ‘श्रमप्रतिष्ठा’ म्हणून या दगडांची आरती ओवाळणे मला मान्य नाही. डंडी शहरातील हाउफ ही दफनभूमी पाहा. मेरी राणीने 1564 मध्ये ही जुन्या मठाची जागा शहराला दिली. तेथील नऊ धंद्यांचे संघ आपल्या सभा याच थडग्यांमध्ये भरवीत. ‘हाउफ’ या शब्दाचा अर्थच मुळी भेटीची जागा असा. हे संघ म्हणजे आजच्या कामगार संघटना नव्हेत. ते मालक-कारागिरांचे संघ होते. शहरात कोणी धंदा करावा, किती उमेदवार ठेवावेत, हे ते ठरवीत. बाहेरच्याला प्रवेश महाग, सभासदाच्या मुलाला स्वस्त. म्हणजे दगडावरचा मुकुटधारी हातोडा हा जसा अभिमान, तसाच मक्तेदारीचा शिक्काही होता. रोजंदारीवरील कारागीर आणि घरोघरी सूत कातणाऱ्या स्त्रिया या चित्रात सापडत नाहीत. आणि कोळसा खाणीतील मजूर? 1606च्या कायद्याने त्यांना धन्याच्या दाखल्याशिवाय काम सोडण्यास बंदी केली. या वेठबिगारीतून त्यांची सुटका 1775 मध्ये अर्धवट व 1799 मध्ये पुरती झाली. म्हणजे हे कोरीव दगड ज्या काळात सर्वाधिक उभे राहिले, त्याच काळात त्याच देशात कुदळ हाती असणारा माणूस खाणीला बांधलेला होता.

धोट्याचीच गोष्ट पुढे नेऊ या. 1787 मध्ये ग्लासगोजवळच्या कॅल्टन येथील विणकरांनी मजुरी-कपातीविरुद्ध संप केला. सैन्याने गोळ्या झाडल्या. सहा विणकर मारले गेले. अवजार अजून विणकराच्याच हातात होते, पण विणाईचा दर व्यापारी ठरवू लागला होता. थडग्यावर मिरविलेल्या प्रतिष्ठेखालची जमीन अशी सरकू लागली, यंत्रमाग येण्यापूर्वीच.

यंत्रमागाने उरलेले काम पुरे केले. एकोणिसाव्या शतकात हीच डंडी तागाच्या गिरण्यांचे शहर झाली. कच्चा ताग बंगालच्या शेतकऱ्याचा, गिरण्यांतील बहुसंख्य हात स्त्रियांचे, तेही पुरुषांपेक्षा कमी मजुरीचे. आणि माग, धोटा, इमारत, सारे मालकाचे. ‘हे माझे अवजार’ असे दगडावर तरी तिने कशाच्या आधारे कोरावे?

या दगडांची जपणूक अवश्य व्हावी. त्यांचे कोरीवकाम सुंदर आहे. मात्र हाउफमधील थडग्यांच्या याद्या करणाऱ्या विद्वानांनी गिरण्यांच्या पगारपत्रकांनाही त्याच टेबलावर जागा द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.