राज्य मोडले, फोन मात्र लागला
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणेशोत्सवात सोमालियाचा विषय कशाला, असे काहींनी आम्हाला विचारले. जिथे सरकार, बँक, टपाल, न्यायालय यांपैकी काहीच धड उरले नाही, तिथे माणसे व्यवहार कसा करतात, हे पाहण्यासारखे आहे म्हणून.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली. राजधानी मोगादिशू टोळीयुद्धात सापडली आणि सरकारी टेलिफोनव्यवस्था लुटली गेली. लाखो माणसे केनिया, आखाती देश, इंग्लंड, अमेरिका अशी पांगली. मागे राहिलेल्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या : परदेशातल्या माणसाचा आवाज आणि त्याने पाठवलेला पैसा.

या गरजेवर खासगी फोन कंपन्या उभ्या राहिल्या. भांडवल मुख्यतः सोमाली व्यापाऱ्यांचे आणि परदेशी गेलेल्या सोमालींचे. उत्तरेत टेलिसोम, ईशान्येस गोलिस आणि दक्षिणेत २००२ पासून होर्मुड. सरकारी मक्तेदारी नव्हती, स्पर्धा मात्र कडवी. त्यामुळे तिथले फोनचे दर आफ्रिकेतल्या सर्वांत स्वस्त दरांत मोडू लागले. टेलिफोनसाठी नाव नोंदवून आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, हे आठवले म्हणजे यातले नवल कळते.

पैसा जाई तो हवाल्याने. हा मूळचा अरबी शब्द, आपल्या आणि त्यांच्या दोघांच्याही बोलण्यात आहे. लंडनच्या दुकानात रक्कम भरायची, निरोप फोनवरून जायचा आणि हर्गेसातल्या आईच्या हाती पैसे पडायचे. पुढे फोनच पाकीट झाला. २००९ मध्ये टेलिसोमने ‘झाद’ आणि २०११ मध्ये होर्मुडने ‘ईव्हीसी प्लस’ ही सेवा काढली. साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे देता येऊ लागले. सोमाली शिलिंगच्या नोटा बहुतेक बनावट असल्याने लोकांनी डॉलरमधला हा व्यवहार पटकन उचलला. जागतिक बँकेच्या २०१७ च्या पाहणीनुसार सोळा वर्षांवरील सुमारे ७३ टक्के सोमाली मोबाइलवरून पैशांची देवघेव करत होते.

मग सरकार हवेच कशाला? असा निष्कर्ष काही विद्वानांनी काढलाही. आम्हाला तो पटत नाही.

एका कंपनीचा फोन दुसरीला लागत नसे, म्हणून माणसे दोन-तीन फोन बाळगत. तारा जोडा, असे सर्वांना बजावणारे कुणी नव्हते. ग्राहकाने फोनमध्ये ठेवलेल्या डॉलरइतकी रक्कम कंपनीकडे खरोखर आहे का, हे तपासणारेही कुणी नव्हते. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने दहशतवादाच्या संशयावरून ‘अल बरकात’ या फोन आणि हवाला अशा दोन्ही धंद्यांतल्या मोठ्या कंपनीची खाती गोठवली. सामान्य कुटुंबांचा पैसा अडकला. पुढे ९/११ आयोगाच्या अभ्यासगटाला अल कायदाशी पैशांचा संबंध सिद्ध करणारा पुरेसा पुरावा मिळाला नाही. पण दरम्यान त्या ग्राहकांची बाजू मांडायला सोमालियाला समर्थ सरकारच नव्हते. २०१४ मध्ये अल शबाबने आपल्या ताब्यातल्या भागांत मोबाइल इंटरनेटवर बंदी घातली, तेव्हा कंपन्यांना दाद मागायला जागा नव्हती.

अखेर २०१७ मध्ये दूरसंचार कायदा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने मोबाइल पैशांचा पहिला परवाना होर्मुडला दिला. म्हणजे आधी धंदा, नंतर कायदा. क्रम उलटा, पण कायदा टळला नाही.

युद्धाने होरपळलेल्या देशात पैसा नसतो, हिंमत नसते, असे आपण सहज म्हणतो. सोमालियात दोन्ही होते. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवून त्यांनी धंदा उभारला. अनोळखी ग्राहकालाही तोच भरवसा द्यायचा, तर मात्र तपासनीस आणि न्यायाधीश लागतात. आपल्याकडच्या पतपेढ्याही ओळखीवरच सुरू झाल्या. ज्यांचे हिशेब वेळच्या वेळी तपासले गेले नाहीत, तिथल्या ठेवीदारांचे काय झाले, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

म्हणून गरीब देशाला मदत करताना त्याच्या व्यापाऱ्याला भिकारी समजू नये आणि त्याच्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.

 गणपती बाप्पा मोरया!